भिंतीवरच्या जोडरेघा

“नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि ही त्याच्या गोळ्या फडक्यात बांधून तांदळाच्या कणगीत लपवायची! अशा बाईला बायको म्हणतात काय हो तुमच्या महाडात?”

ठमाबाईने हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच विचारलं. तिला दम लागला होता, पण दम खाऊन मग बोलायची सवय साठ वर्षांत तिला लागली नव्हती.

चवदार तळ्याच्या मागच्या आळीत सायकलच्या दुकानावर रामजी खांब्यांची खोली होती. वीस वर्षं त्यांनी मुंबईच्या गोदीत नाहीसा झालेला माल शोधण्याचं काम केलं. आता महाडच्या कोर्टातले वकील अडले, की खांब्यांकडे माणूस धाडत. सोबतीला धोंडू असे. पूर्वीचा एस्टी कंडक्टर, अंगाने दरवाजाएवढा. कुठलीही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायची, पण वळसा घालून.

“बसा,” रामजी म्हणाले. “कोण, कुठल्या?”

“ठमाबाई. पोलादपूरच्या वर खडकवाडी. एकच ल्योक होता, हैबती. मुंबईला गिरणीत. संपात गिरणी गेली, छातीचं दुखणं तेवढं राह्यलं. टीबी. घरी आला नि हनुमान जयंतीनंतर दोन दिवसांनी गेला. महिना झाला.”

“टीबीने?”

“कावीळ होऊन. फौजदार म्हणतो, कागदावर कावीळ लिवलीय, घरी जा. मी म्हणते, औषध बुडवलं म्हणून गेला. बुडवलं कोणी? माझ्या सुनेनं. आवडीनं.” पदराने कपाळ पुसून ती पुढे म्हणाली, “उद्या सकाळी गावकी बसतेय. आवडीला दासगावला बापाकडं धाडायची, नि नात माझ्याकडं ठेवायची. तुळसा, तीन वर्षांची. पण पंच म्हणतात, पुरावा दे. मला पुरावा पायजे.”

“आणि पुरावा दुसरंच काही सांगायला लागला तर?”

“तर ऐकीन. मी ऐकायची नाय तर कोण ऐकंल?”

“हे लक्षात ठेवा,” रामजी म्हणाले. “आता पहिल्यापासून.”

ठमाबाईला लिहिता येत नव्हतं, पण सणावारांच्या खुंट्यांना टांगलेला हिशेब तिच्याकडे चोख होता. गोळ्या पौषात चालू झाल्या. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई घरी येऊन सांगून गेली होती, गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, चुकवली की दुखणं उलटतं. ठमाबाईने त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूची रेघ ओढली. रोज एक गोळी, रोज एक रेघ. खोकला गेला, ताप गेला. शिमग्याला मात्र हैबतीची जेवणावरची वासना उडाली आणि डोळे पिवळे दिसायला लागले.

“त्या दिवसापासनं हिचा गोळीवर डोळा! ‘आत्याबाई, गोळी बंद करू. आत्याबाई, गोळी नको.’ सातवी शिकलीय ना, दवाखान्यापेक्षा शाणी. मी म्हटलं, तोंड बंद कर. चांगू वैदूला बोलावला. नि दुसऱ्याच दिवशी माझ्या माहेरास्नं, नाते गावास्नं, सांगावा आला, माझी भावजय गेली म्हणून. दिवसकार्याला नको जायला? गेले. तेरावं उरकूनच आले, पाडव्याच्या तोंडावर.”

“तेवढे दिवस गोळी कोण देत होतं?”

“तीच. भिंतीवर चुन्याच्या तेरा रेघा वढल्यान. खोट्या! मी परत आले नि चौथ्या दिवशी तांदूळ काढायला कणगीत हात घातला, तर फडकं. आत तेरा गोळ्या. मंग तिला गोठ्यात काढली, आजाऱ्याजवळ फिरकू दिली नाय. तिनं बुडवलेलं सगळं मी माझ्या हातानं भरून काढलं. पण उशीर झाला. पोट फुगलं, रंग हळदीसारखा झाला, नि गेला.”

धोंडू वहीतून मान वर न काढता म्हणाला, “साहेब, यात शोधायचं काय? सूनच.”

“तुम्ही नाते गावाहून परत आलात तेव्हा हैबती कसा होता?” रामजींनी विचारलं.

“अंगणात बसून सुंभ वळत होता. भाकरी मागून घेतली त्यानं. चांगूचा पाला लागू पडला होता ना.”

“तुमच्या घरात याआधी कुणाला कावीळ?”

“माझा थोरला भाऊ. तोही मुंबईला छातीच्या दुखण्यात होता. इंजेक्शनं, गोळ्या, सगळं चालू असताना पिवळा पडून गेला. भगत म्हणाला, तुमच्या रक्तालाच कावीळ चिकटलीय.”

रामजींनी खुंटीवरची टोपी काढली. “धोंडू, पोलादपूरची गाडी किती वाजता?”

“आता सुटेल. धावावं लागेल.”

“धावा तुम्ही,” ठमाबाई म्हणाली. “गाडी माझ्यासाठी थांबती.”

आणि खरोखरच थांबली. ठमाबाई डेपोच्या दारात मधोमध चालत राहिली, ड्रायव्हर करतो काय!

*

पोलादपूरच्या स्टँडवर करवंदांच्या पाट्या घेऊन बाया बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे, वडाखाली, चांगू वैदू मुळ्या मांडून बसला होता. ठमाबाईला पाहताच तो मुळ्या पिशवीत भरायला लागला.

“पळतोस कुठं रे चांग्या?” ठमाबाई म्हणाली. “हे विचारतील ते सांग. नारळ घेताना हात लांब होता तुझा.”

“मी काय केलं? मी पाला दिला,” चांगू म्हणाला. “शिमग्यापासून रोज सकाळी पेलाभर रस. पंधरा दिवसांत उतरवली कावीळ. अख्खी वाडी साक्षीला हाय.”

“मग पुन्हा कशी चढली?” रामजींनी विचारलं.

“तेच मला कळंना. आयुष्यात असं बघितलं नाय. पाडव्याला डोळे पांढरेफेक. मी म्हटलं, झालं. तर आठ दिवसांत परत पिवळे, नि आधीच्या दुप्पट.”

“मधल्या काळात रस बदललास? थांबवलास?”

“नाय हो. तोच पाला, तोच पेला, मरायच्या आदल्या दिवसापर्यंत.” त्याने गळ्याची शपथ घेतली. “पथ्यही तेच. तेल बंद, हळद बंद. तुमीच विचारा म्हातारीला.”

“म्हातारी कोणाला म्हणतोस रे?”

पण रस आणि पथ्य तेच होतं, हे ठमाबाईनेही कबूल केलं.

रस्त्याला लागल्यावर धोंडू हळूच म्हणाला, “साहेब, मला वाटतं, याचा पाला विषारी.”

“धोंडू, एकच पाला पंधरा दिवस माणसाला उठवतो आणि पुढचे पंधरा दिवस मारतो?”

“नाही मारणार.”

“मग पाल्याला सोड. पाल्याने काहीच केलेलं नाही. तारलंही नाही, मारलंही नाही.”

*

घरी तपासायला येऊन गेलेल्या एका डॉक्टरणीबद्दल ठमाबाईने गाडीत सांगितलं होतं; ती पोलादपूरच्या शाळेत उतरे. शाळेला सुट्टी होती. एका वर्गात बाकांवर बाटल्या मांडून डॉक्टर नीला बसल्या होत्या. वय तिशीचं, केस घट्ट बांधलेले. मुंबईच्या एका इस्पितळातून त्या दर महिन्याला आठवडाभर इथे येत.

“हीच ती,” ठमाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. “माणसांकडनं मुताच्या बाटल्या भरून घेणारी.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी वही काढली. माघात त्या खडकवाडीला आल्या होत्या. घरातल्या प्रत्येकाला एक गोळी देऊन लघवी तपासली होती. नावापुढे पेन्सिलीचे ठिपके होते, काही लाल, काही निळे.

“ती गोळी कसली होती?” धोंडूने डोळे बारीक करून विचारलं. त्याला आता नवा गुन्हेगार सापडला होता.

“तपासणीची. एकच, आणि सगळ्यांना. टीबीची नव्हे,” त्या म्हणाल्या. “औषध एकच असतं, पण काहींच्या अंगातून ते भराभर निघून जातं, त्यांना निळा ठिपका. काहींच्या अंगात रेंगाळतं, त्यांना लाल. हे खाण्यापिण्यावर नाही. जन्मतः येतं. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. टीबीच्या औषधाने काहींचं यकृत बिघडतं, बाकीच्यांचं नाही. असं का, याचं उत्तर या ठिपक्यांत आहे का, ते आम्ही शोधतोय.”

“आणि आहे का?” रामजींनी विचारलं.

“अजून सांगता येत नाही. लाल ठिपक्यांची माणसं ढिगाने आहेत, त्यांतली बहुतेक ठणठणीत आहेत. आणखी दहा वर्षं लागतील कदाचित.”

“औषधानं बिघडतं म्हणे!” ठमाबाई म्हणाली. “मंग देता कशाला?”

“न दिलं तर माणूस टीबीने जातो, आजी.”

ठमाबाईने खिडकीबाहेर पाहिलं.

रामजींनी वहीवर बोट ठेवलं. “खडकवाडी. हैबती, लाल. ठमाबाई, लाल. आवडी, निळा. घरात काही सूचना दिली होती?”

“प्रत्येक घरात वाचता येणाऱ्या माणसाला चिठ्ठी देते मी. डोळ्यांकडे लक्ष ठेवा म्हणून, खाली इस्पितळाचा पत्ता.” डॉक्टरीणबाईंनी ठमाबाईकडे पाहिलं. “या उठून गेल्या होत्या. मग सुनेला दिली.”

“पोरीटोरींचं काय ऐकत बसायचं,” ठमाबाई पुटपुटली.

डॉक्टरीणबाई पिशवीतून एक पोस्टकार्ड काढून म्हणाल्या, “हे मुंबईला इस्पितळाच्या पत्त्यावर आलं होतं. शिक्का पोलादपूरचा, पाडव्याच्या सुमाराचा. खाली नावगाव नाही. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते. परत येऊन वाचलं, आणि तेव्हापासून मी वाडीवाडीत विचारत फिरतेय.”

रामजींनी कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खिशात ठेवलं. ठमाबाईला अक्षरं उमगली नाहीत. पण ती जांभळी होती, एवढं तिला दिसलं.

*

तिघं खडकवाडीची चढण चढले. ऊन उतरणीला लागलं होतं. घरात शिरताच रामजी सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले.

ठमाबाईला त्या भिंतीचा अभिमान होता. अख्ख्या वाडीत कोणी आजाऱ्याचं इतकं काटेकोर केलं नव्हतं. वर गेरूच्या एकेका रेघेच्या ओळी. मग चुन्याच्या तेरा रेघा. मग गेरूच्या तीन सुट्या रेघा. आणि त्यापुढे जोड्या, दोन दोन रेघा एकमेकींना चिकटून. अगदी शेवटी एकटी एक.

रामजी बोट टेकवत टेकवत मोजत गेले. “बारा,” ते स्वतःशीच म्हणाले.

“सकाळ-संध्याकाळ असेल, साहेब,” धोंडू म्हणाला.

“असेल.” ते फळीकडे वळले. तिथे हैबतीच्या गिरणीतल्या वस्तू होत्या. डबा, बिल्ला, पेन्सिलीचं बोटभर थोटुक. त्यांनी थोटकाचं टोक जिभेला लावून अंगठ्यावर ओढलं. जांभळी रेघ उठली.

ठमाबाईने ती रेघ पाहिली. कार्डावरची अक्षरंही याच रंगाची होती.

“ते फडकं दाखवा.”

तिने ते देवळीतून काढून दिलं. जुन्या लुगड्याचा तुकडा, गाठीच्या सुरकुत्या तशाच. आत काही नव्हतं.

“गोळ्या?”

“औषध कोण टाकतं काय?” ठमाबाई म्हणाली, आणि तिचा हात आपोआप कमरेशी खोचलेल्या पदराच्या गाठीवर गेला.

आवडीला गोठ्यातून बोलावलं. ती येऊन दाराशी उभी राहिली. हातांना शेण होतं, नजर जमिनीवर होती. तुळसा तिच्याकडे धावली, तर ठमाबाईने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

“गोळ्या तुम्ही लपवल्या?” रामजींनी विचारलं.

“व्हय.”

“का?”

आवडीने हातांचं शेण लुगड्याला पुसलं.

“उद्या गावकी बसणार आहे. तुम्ही बोलला नाहीत तर मुलगी हातची जाईल.”

“जाऊ दे,” आवडी म्हणाली. आवाज कोरडा होता, खरवडून काढल्यासारखा. “आजीच हाय ती. उपाशी ठेवायची नाय.”

“बघा!” ठमाबाई कडाडली. “पोटच्या पोरीसाठीसुद्धा तोंड उघडत नाय. खोटी असल्याबिगर माणूस असं गप्प बसतं?”

“शेवटचं विचारतो,” रामजी म्हणाले. “पाडव्याला हैबतीचे डोळे कसे होते?”

आवडीने पहिल्यांदाच मान वर केली. “पांढरे. दुधासारखे. मी आरसा दाखवला त्यांना.”

*

“ठमाबाई,” रामजी पाटावर बसत म्हणाले, “ऐकून घेईन म्हणाला होतात.”

“म्हणाले होते.”

“मग ऐका. तुमचं म्हणणं, औषध बुडालं म्हणून हैबती गेला. मीही तिथूनच निघालो. तसं असतं, तर तेरा दिवस गोळी बंद असताना त्याची तब्येत ढासळायला हवी होती. पण तुम्ही परत आलात, तेव्हा तो अंगणात सुंभ वळत होता. भाकरी मागत होता.”

“चांगूचा पाला…”

“पाला शिमग्यापासून शेवटपर्यंत तोच होता. डोळे पिवळे असताना तोच, पांढरे झाले तेव्हा तोच, पुन्हा पिवळे झाले तेव्हाही तोच. या सगळ्या दिवसांत एकच गोष्ट बदलली.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “ती तुम्हीच लिहून ठेवलीय. गेरूच्या रेघांत कावीळ आली. चुन्याच्या रेघांत गेली. पुन्हा गेरू सुरू झाला, आणि पुन्हा आली.”

धोंडूने वही मिटली. या वेळी गोष्ट त्याच्या डोक्यात सरळ शिरली होती, आणि त्याला ती नको होती.

“गोळी टीबीचीच होती आणि बरोबर होती,” रामजी म्हणाले. “हजारो माणसं तिने वाचतात. तुमच्या मुलाचा खोकलाही तिनेच घालवला. पण त्याच्या अंगात ती साचून राहत होती. डॉक्टरीणबाईंच्या वहीत त्याचा ठिपका लाल आहे. तुमचाही लाल. तुमचे भाऊ गोळ्या चालू असतानाच पिवळे पडले. हैबतीचं यकृत गोळी साचल्यामुळेच बिघडलं, असं डॉक्टरीणबाई शपथेवर सांगणार नाहीत, त्यांचा शोध अजून अर्ध्यात आहे. पण गोळी थांबली की तो बरा होत होता आणि चालू झाली की खचत होता, हे सांगायला मला ठिपका लागत नाही. भिंत पुरते.”

“नर्सबाई म्हणाली होती, एक दिवस चुकवायची नाय,” ठमाबाई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

“बरोबरच म्हणाली होती. मात्र डोळे पिवळे झाले तर काय, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि तेव्हा तुम्ही उठून गेला होतात. ते आवडीला ठाऊक होतं. तिने पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं. एकदा नाही, दोनदा. सकाळी माझ्या खोलीत तुम्ही तिच्याच शब्दांत मला ऐकवलंत.”

त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं. “हे जांभळ्या पेन्सिलीचं. वाचतो. ‘बाई, डोळे पिवळे झाले म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे गोळी बंद केली. आता डोळे पांढरे आहेत, जेवतात. उद्या घरातली मोठी माणसं येतील व पुन्हा गोळी देतील. मी काय करू? लवकर या.’ नाव नाही. उघडं कार्ड, वाटेत कोणीही वाचेल, म्हणून.”

आवडीने भिंतीला डोकं टेकलं.

चुलीतल्या राखेवर मांजर येऊन बसलं. एरवी ठमाबाईने फुंकणी फेकली असती.

“आता या जोडरेघा,” रामजी म्हणाले.

“नका सांगू,” ठमाबाई म्हणाली. मग तिने स्वतःच सांगितलं. “एखादा उपास मोडला तर पुढं जादा धरून भरून काढतो आमी. देवाचं बाकी ठेवत नाय. तेरा दिवस बुडालेले. म्हटलं, तेही भरून काढू. रोजची एक, नि बुडालेल्यातली एक. तो म्हणायचा, ‘आय, आज नको.’ मी म्हणायचे, तोंड उघड. गिळली का, ते दात उघडून बघायचे.”

“बारा जोड्या आहेत. मग शेवटची एकटी रेघ.”

“सकाळची घेतली त्यानं. सांजच्याला पाणीच आत जाईना.”

“म्हणजे तेरावी गोळी उरली.”

ठमाबाईने तुळसाचा दंड न सोडता दुसऱ्या हाताने पदराची गाठ सोडली. गोळी महिनाभर घामात राहून पिवळट झाली होती. तळहातावर घेऊन ती तिच्याकडे बघत राहिली. पुरावा म्हणून जपलेली होती ती, सुनेविरुद्ध.

धोंडू घोगऱ्या आवाजात म्हणाला, “पण मग या बाई बोलल्या का नाहीत? आज तरी?”

रामजींनी आवडीकडे पाहिलं. “ते मी ताडू शकतो. सांगायचं का, ते त्यांनी ठरवावं.”

आवडी बोलली. “त्यांनी शपथ घातली होती. शेवटच्या दिवशी आत्याबाई विहिरीवर गेल्या तेव्हा गोठ्यातनं चोरून आत आले मी. म्हणाले, ‘आयला कधी सांगू नको. तिला कळलं तर ती जगायची नाय.’ तुळसाच्या डोक्यावर हात ठेवून घातली शपथ. मी तेव्हा मोडली नाय, आत्ताही मोडली नाय. ह्या साहेबांनी शोधून काढलं.”

घरात आल्यापासून ठमाबाई बसली नव्हती. आता ती खाली बसली, भिंतीशी, रेघांना पाठ लावून.

“अर्धं आईकडनं येतं म्हणाली ना ती डॉक्टरीण?”

“अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून,” रामजी म्हणाले. “त्यात दोष कोणाचाच नसतो.”

“रक्तातनं अर्धं,” ठमाबाई म्हणाली. “नि हातातनं अख्खं.”

रामजींना खोटं बोलता आलं असतं तर ते याच वेळी बोलले असते. त्यांनी टोपी उचलली, धोंडूला खूण केली, आणि दोघं ओटीवर जाऊन थांबले.

घरात तिघीच राहिल्या. तुळसाच्या दंडावर अजून ठमाबाईची बोटं होती. ती बोटं एकेक करून सुटली. पोर आईकडे गेली आणि तिच्या शेणाने भरलेल्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली.

“आवडे.”

“जी.”

“वर बघ. उद्या गावकीत मी उभी राहीन नि सांगीन, कोणी मारलं ते. पोर तुझी, घर तुझं. त्यात कोणी मधी येणार नाय. पण तुझा न्याय मी आत्ता करते, तो ऐक.” ठमाबाईचा आवाज चढला, नेहमीसारखा. आणि मग नेहमीसारखा राहिला नाही. “तू चुकलीस. फडक्यात काय बांधतेस? चोरून कार्डं काय लिवतेस? माझ्या हातातनं गोळी हिसकून चुलीत टाकायची होतीस. माझ्या तोंडावर किंचाळायचं होतंस, अख्खी वाडी गोळा होईपर्यंत. मी मारलं असतं तुला. केस धरून वढलं असतं. पण तो जगला असता, गो. तू मला भ्यालीस, हा तुझा गुन्हा. नि भ्यायला लावलं मी, तो माझा. आता शिक्षा ऐक. उद्यापासनं ह्या घरात मला भ्यायचं नाय. ह्या पोरीच्या तोंडात मी कधी काय घालायला लागले, नि तुझं मन नको म्हणालं, तर माझा हात धरायचा. धरायचा नि सोडायचा नाय, मोडला तरी चालंल.”

तिने मूठ उघडून गोळी आवडीपुढे धरली.

“घे. टाक चुलीत. मला टाकवत नाय.”